भिंत राहू द्या, आधी टेबल मांडून बघा

पत्राचा सारांश: लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, गावठाणात आमचं जुनं घर आहे. पुढं ओसरी, मग १२ बाय १४ चं माजघर, त्यामागं १० बाय ९ चं स्वयंपाकघर आणि शेवटी १४ बाय १२ चं परस, त्यात कोपऱ्यात न्हाणी. माजघरावर माळवद आहे, म्हणजे लाकडी सांगाड्यावर मातीचं सपाट छत. स्वयंपाकघर नंतरचं, विटांचं आणि पत्र्याचं. सासूबाईंचे गुडघे गेलेत, खाली बसवत नाही. पलंगावर मांडीवर ताट घेऊन जेवतात. थोरल्या मुलीसाठी स्थळं बघणं सुरू आहे, पाहुणे येतात आणि घरात साधं जेवणाचं टेबल नाही याची लाज वाटते. गुत्तेदार म्हणतो, माजघर आणि स्वयंपाकघरामधली भिंत काढून गर्डर टाकतो, पंधरा दिवसांत हॉल आणि डायनिंग एक होईल. ह्यांना ते पटलंय. मामंजी म्हणतात, भिंतीला हात लावायचा नाही. मला वाटतं, परसावर पत्रे टाकून तिथंच जेवणाची खोली करावी. साठवलेले दोन लाख आहेत. टेबल ग्रॅनाइटचं घ्यावं की काचेचं, हेही सांगा.

ताई,

तुमच्या पत्रात गरजा दोन आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्या आहेत. सासूबाईंना नीट बसून जेवता यावं, ही रोजची, दोन वेळची गरज. पाहुण्यांसमोर टेबल असावं, ही वर्षातून चार-सहा वेळची. पहिलीला एक बरी खुर्ची, योग्य उंचीचं टेबल आणि हात धुवायला जवळ बेसिन एवढं पुरतं, खोली लागतेच असं नाही. दुसरीसाठी खोली लागते असं तुम्ही धरून चाललात. पण स्थळ बघायला येणारी माणसं ओसरीत नाहीतर माजघरात बसतात, पोहे-चहा तिथंच होतो, आणि जेवायची वेळ आलीच तर पंगत बसते. सहा खुर्च्यांच्या टेबलावर बारा पाहुणे तसेही मावत नाहीत. तेव्हा घर सासूबाईंच्या मापानं बदला. पाहुण्यांची सोय त्यात आपोआप होईल.

आता भिंत. मामंजींचं म्हणणं हट्टाचं वाटत असेल, पण ते बरोबर आहे.

दारात उभं राहून भिंतीची जाडी मोजा. दीड ते अडीच फूट भरली तर ती मातीत रचलेली दगडी भिंत आहे. अशी भिंत बहुतेक दोन पदरांची असते: आतून एक पदर, बाहेरून एक, मधे चिपा आणि मातीचा भराव. दोन्ही पदरांना आरपार बांधणारे लांब दगड जुन्या घरांत क्वचितच घातलेले असतात. मधे भोक पाडलं की भराव सांडायला लागतो, वरचे दगड मोकळे होतात, आणि चार फुटांचं भोक पाडायला घेतलेलं काम सात फुटांवर जाऊन थांबतं. गुत्तेदारानं पंधरा दिवस सांगितले ते विटांच्या भिंतीच्या हिशोबानं.

वरचं वजनही बघा. माळवदावर एक फूट माती असेल तर दर चौरस फुटाला साधारण ५० किलो भार होतो. तुमचं माजघर १६८ चौरस फूट, म्हणजे आठ टनांच्या आसपास. दर पावसाळ्याआधी नवी माती टाकत गेल्यामुळं थर दीड फुटावर गेला असेल तर बारा टन, आणि पावसात भिजल्यावर त्याहून जास्त. यातला काही भार लाकडी खांबांवर आहे, काही भिंतींवर. किती कशावर, हे सर (छताची आडवी लाकडं) कोणत्या दिशेनं टाकलेत, खांब भिंतीत गाडलेले आहेत का आणि त्यांचे बुंधे वाळवीनं पोखरलेत का, यावर ठरतं. गुत्तेदारानं यातलं काही उकरून पाहिलं का, हे विचारा. नुसत्या नजरेनं “होऊन जाईल” म्हणणाऱ्याला हे काम देऊ नये.

गर्डर मजबूत असतो, हे खरं. पण आधी सगळ्या भिंतीवर पसरलेला भार आता त्याच्या दोन टोकांखालच्या फूट-फूटभर जागेवर येतो, आणि ती जागा पुन्हा मातीतल्या दगडांचीच. गर्डर जागच्या जागी राहतो, त्याच्या टोकाखालची भिंत फुगते. दोन्ही टोकांना पायापासून काँक्रीटचे खांब उभे करून गर्डर त्यावर ठेवला तर गोष्ट वेगळी. पण ते पंधरा दिवसांचं काम नाही, आणि त्याचा आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरनं करायचा असतो.

घर इतकी वर्षं उभं आहे म्हणजे ते मजबूत आहे, असं ह्यांचं म्हणणं असणार. तुमच्या जिल्ह्यात तरी हे म्हणणं टिकत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती मुख्यतः अशाच घरांमुळं: डोक्यावर टनावारी माती, बाजूला मातीतल्या दगडी भिंती. अनेक ठिकाणी लाकडी सांगाडा तग धरून राहिला, भिंती मात्र फुटून आत-बाहेर ओतल्या. तोवर हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या झोनमध्ये आला. हिंगोली, नांदेड, परभणीकडं २०२४ मध्येही धक्के जाणवले. तुमचं घर १९९३ मधून वाचलं असेल, तरी त्या रात्री भिंतीचे पदर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. हातोडीच्या दांड्यानं भिंत ठोकत जा. जिथं पोकळ आवाज येतो किंवा पोट बाहेर आलेलं दिसतं, तिथं पदर सुटलाय.

म्हणून दोन लाखांतला पहिला वाटा जेवणाच्या खोलीला नको, माळवदाला द्या. हे तुम्ही विचारलेलं नाही, पण याच छताखाली कुटुंब झोपतं. होळीनंतर सुरू करून मृगाच्या आत संपवायचं हे काम. माती एका कोपऱ्यातून सगळी उपसत गेलात तर भार एका बाजूला राहतो आणि जुना सांगाडा पिळवटतो. सहा-सहा इंचांचा थर संपूर्ण छतावरून सारखा काढायचा, खाली तुळयांना टेकू लावून. काढलेली माती छताच्या कडेला क्षणभरही साठवायची नाही, आणि परसात भिंतीला लागून ढीगही घालायचा नाही, कारण पावसात ती ओल भिंतीत जाते. माती उतरली की किलचनाच्या (मातीखाली अंथरलेल्या) फळ्या, सर आणि तुळया उघड्या पडतात. कुजलेलं लाकूड बदलायची हीच वेळ. खांब आणि तुळई जिथं मिळतात तिथं लोखंडी पट्टी आणि बोल्ट, आणि दोन्ही दिशांना लाकडाचे किंवा अँगलचे तिरपे कर्ण. एवढ्यानं सांगाडा डोलायचा थांबतो. वर उतार देऊन पत्रा. माजघर उन्हाळ्यात तापू नये म्हणून माती ठेवायचीच असेल, तर सात-आठ इंचांपेक्षा जास्त नको, आणि तिच्याखाली जाड प्लास्टिक अंथरा. उजेडाचं साणं (छतातलं भोक) बुजवू नका. त्यावर काच किंवा पारदर्शक पत्र्याचा तुकडा बसतो.

भिंतीत आत्ता जे दार आहे, तेवढं वापरा. झडपा काढून नुसती चौकट ठेवली तरी स्वयंपाकघर आणि माजघर बरंच मोकळं वाटतं. त्या भिंतीत खिडकी असेल तर तिथून ताटं द्या-घ्या. कोनाडा आरपार करायचा मोह मात्र टाळा. कोनाड्यामागं भिंतीचा एकच पदर उरलेला असतो आणि वरचं ओझं तोच पेलत असतो. आणि काही झालं तरी त्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा किंवा टाइल लावू नका. मातीची भिंत ओल आत घेते आणि सोडते. सिमेंटनं ती ओल आत कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. तिथं चुन्याचाच गिलावा हवा.

आता खरा प्रयोग, आणि तो जवळपास फुकट आहे. मंडपवाल्याकडून एक टेबल आणि चार खुर्च्या आठवडाभरासाठी आणा. माजघराच्या स्वयंपाकघराकडच्या कोपऱ्यात मांडा आणि रोज तिथंच जेवा.

मापं अशी. चौघांना ४ फूट बाय अडीच फूट टेबल पुरतं. माणसामागं दोन फूट कड लागते. खुर्ची मागं ओढून उठायला टेबलाच्या कडेपासून अडीच फूट, आणि बसलेल्या माणसामागून ताट घेऊन जायचं असेल तर तीन फूट. सहा जणांचं ५ बाय ३ चं टेबल मधोमध ठेवलं तर चारी बाजूंना जागा धरून ९ बाय १० ची जागा जाते. ती तुमच्या माजघराचा अर्ध्याहून अधिक भाग आहे, म्हणून ते नकोच. तेच ४ बाय अडीचचं टेबल कोपऱ्यात, भिंतीकडच्या लांब बाजूला १६ इंच रुंदीचा लाकडी बाक ठेवून मांडलं, तर साधारण साडेसहा बाय साडेसहा फुटांत काम भागतं, कारण बाक मागं ओढायचा नसतो. बाक सुटा ठेवा. भिंतीत गाडलेल्या शहाबादी फरशीच्या कट्ट्यानं भिंतीला नवं भोक पडतं आणि पुढं जागा बदलायची सोयही राहत नाही.

टेबल आणण्याआधी फरशीवर खडूनं आखणी करा. दार उघडतं का, फ्रिज उघडतो का, देवघरासमोर उभं राहायला जागा उरते का, सगळं त्या रेघांत कळतं. आठवडाभरात सासूबाई दिवसातून दोनदा तिथं स्वतःहून येऊन बसल्या, तर तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर बांधकामाशिवाय मिळालं. अडचण झाली तर कशाची झाली तेही कळेल: पोरांच्या अभ्यासाची, टीव्हीची की झोपायच्या अंथरुणांची.

त्यांच्यासाठी बाक नको. बाकावर सरकत आत जायला गुडघे वाकवावे लागतात. हात असलेली खुर्ची, बैठक १८ ते १९ इंच उंच, टेबलाचा वरचा भाग ३० इंच. खुर्चीचे हात २६ इंचांच्या आत हवेत, नाहीतर ते टेबलाखाली जात नाहीत आणि जेवताना त्यांना पुढं झुकावं लागतं. बैठक उंच झाल्यानं पाय अधांतरी राहिले तर पायाखाली घरातला पाट ठेवा.

माजघर खरंच अडचणीचं ठरलं, तर तुमची परसाची योजना चांगली आहे. फक्त संपूर्ण परस झाकू नका. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत दार एकीकडं आणि खिडकी दुसरीकडं असेल, तर पडवी दाराच्या बाजूनं नऊ फूट लांब आणि आठ फूट रुंद घ्या, खिडकीसमोरचे पाच फूट उघडे ठेवा. परस झाकताना नेमकं इथंच बहुतेकांचं चुकतं. खिडकी बंद खोलीत उघडायला लागली की स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावावा लागतो आणि फोडणीचा धूर जेवणाच्या ताटावर येतो. एक्झॉस्ट फॅनही मोकळ्या हवेकडंच तोंड करून बसवा. शिवाय गॅस गळला तर तो हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत साठतो. म्हणून पडवीच्या भिंतीत फरशीपासून चार-सहा इंचांवर जाळीची दोन भोकं ठेवा.

तुमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर बांधलेली नवी भिंत जुन्या भिंतीपासून सुटणारच. म्हणून नवी वीट जुन्या भिंतीत दात काढून गुंफू नका. दोन्हींच्या मधे इंचभर फट ठेवा आणि वरून पट्टीनं झाका. सांगाडा स्वतंत्र, चार खांबांवर. खांबाचा खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या, मग तो चार फुटांवर लागो की सहा. खाली दीड बाय दीडचं काँक्रीट, त्यावर आठ इंची लोखंडी प्लेट, चार बोल्ट. खांबाला तीन इंची चौकोनी पाइप, जाडी अडीच मिमीपेक्षा कमी नको. आडवे ६० बाय ४० मिमीचे पाइप दर साडेतीन फुटांवर. बाजूंची अडीच-तीन फुटी वीटभिंत थेट जमिनीवर न ठेवता खांबांना जोडणाऱ्या काँक्रीटच्या पट्टीवर उचला आणि वर मच्छरजाळी. फरशीखाली भराव मुरमाचाच, सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून धुमसून. परसातली काळी माती फुकट मिळते म्हणून तीच भरली तर फरशी वर्षभरात मधे उचलली जाते. त्यावर चार इंच काँक्रीट, एवढ्या जागेला साधारण चार पोती सिमेंट, मग शहाबादी किंवा खडबडीत टाइल. चकचकीत टाइलवर सासूबाईंचा ओला पाय टिकायचा नाही.

पत्र्याला आठ फुटांत किमान फूटभर उतार, पाणी तुमच्याच परसात पडेल असा. शेजाऱ्याच्या भिंतीवर पाणी सोडलं की भांडणं आणि ओल दोन्ही येतात. पडवीचा पत्रा स्वयंपाकघराच्या पत्र्याखाली फूटभर आत घ्या आणि दोन्हींच्या मधे चार-सहा इंच फट ठेवा, जाळी लावून. गरम हवा तिथून निघून जाते. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायला सांगा, खोलगट पन्हाळीत नाही. पाणी पन्हाळीतून वाहतं आणि रबरी वायसर वाळला की तिथूनच ठिबकतं. आणि वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवायची सवय या घरापुरती तरी मोडा. वाऱ्यानं पत्रा हलला की पहिल्यांदा दगडच खाली येतो.

मे महिन्यात उघड्या पत्र्याखाली दुपारी जेवण होत नाही. परवडलं तर ५० मिमीचा पफ पत्रा (मधे फोमचा थर असलेला) घ्या. नाहीतर साधा पांढरा पत्रा आणि खाली सहा इंच सोडून बांबूच्या तट्ट्याचं छत. थर्माकोल चिकटवून देणारे भेटतील. स्वयंपाकघराच्या शेजारी थर्माकोल लावू नका, तो भरभर पेटतो. पश्चिमेची बाजू बंद ठेवा.

दिवा-पंख्याला १.५ चौरस मिमी आणि फ्रिजच्या सॉकेटला २.५ चौरस मिमीची तार. लोखंडी सांगाडा अर्थिंगला जोडून घ्या आणि मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. यात काटकसर नको. पावसात तार घासून पत्र्यात करंट उतरतो, आणि धुतलेल्या हातानं खांबाला टेकणारं माणूस घरातलंच असतं.

बेसिन न्हाणीच्या बाजूनं, फरशीपासून ३२ इंचांवर. त्याचा दीड इंची पाइप दर चार फुटांना किमान सव्वा इंच उतारानं न्हाणीच्या नाल्याला न्या. घराच्या भिंतीला लागून पाणी मुरू देऊ नका, माळवदाच्या खांबांचे बुंधे त्यानंच कुजतात.

कामाआधी नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत परवानगीचं विचारून घ्या. गावठाणात परसाच्या कडेची भिंत बऱ्याचदा सामाईक असते, त्यामुळं शेजाऱ्यांनाही आधीच सांगा. दोन लाखांत माळवद आणि पडवी एकाच वर्षी ओढू नका. या उन्हाळ्यात माळवद आणि कोपऱ्यातलं टेबल, पुढच्या उन्हाळ्यात गरज उरलीच तर पडवी. तोवर मुलीचं ठरलं, तर घरात माणसं किती राहणार, हेही नव्यानं मोजावं लागेल.

टेबलाचं: ४ बाय अडीचचा १८ मिमी ग्रॅनाइट साधारण ४५ किलो भरतो. पडवीत कायम ठेवायचा तर चालेल, माजघरात रात्री बाजूला सरकवायचा तर नाही. काच नको, घ्यायचीच झाली तर १२ मिमी टफन्ड, पण तिच्या कडेवर भार देणं धोक्याचंच. सासूबाई उठताना टेबलावर दोन्ही हात टेकणार, हे धरून निवडा. लॅमिनेट लावलेलं जाड प्लायचं किंवा सागाचं टेबल, चारही पाय अगदी कोपऱ्यांत. मधल्या एकाच खांबाचं टेबल कडेवर भार दिला की कलतं. दुकानात त्यांना सोबत न्या, खुर्चीत बसवा, हात टेकून उठायला सांगा. त्या उठताना जी खुर्ची मागं सरकते, ती घेऊ नका.